६१७४ ला जादू म्हणू नका

प्रति,
महाराष्ट्रातल्या शाळांमधले सर्व गणित शिक्षक आणि मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, पाचवी ते आठवी, बहुतेक सगळी नाशिक जिल्ह्यात. आता निवृत्त आहे. हे पत्र एका चुकीबद्दल आहे. ती चूक माझ्या हातून झाली, आणि आजही ती अनेक वर्गांत होत असणार असं मला वाटतं, म्हणून लिहिते आहे.

सत्र संपत आलं होतं, पोर्शन पूर्ण झाला होता. सातवीच्या वर्गाला मी सांगितलं, मनात एक चार अंकी संख्या धरा. चारही अंक सारखे नकोत, बाकी काहीही चालेल. ते अंक आधी उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने. मोठ्यातून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा. पाच-सात मिनिटांत वर्गभर गलका झाला. ‘६१७४!’ ‘बाई, माझंही ६१७४!’ ज्यांचं आलं नव्हतं त्यांची वजाबाकी चुकली होती. हातचा दुरुस्त केल्यावर त्यांचंही तेच आलं. टाळ्या पडल्या. मी खूश झाले.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ‘बाई, पण का?’

मी म्हटलं, ‘ही कापरेकरांची जादू आहे.’ ती खाली बसली. घंटा झाली.

मला तेव्हा उत्तर येत नव्हतं. येत नाही असं म्हणण्याचा धीरही नव्हता. ‘जादू’ हा शब्द मी त्या दोन्हींवर पांघरूण म्हणून वापरला. आजही हीच संख्या फोनवरून निरोपांमध्ये फिरत येते, ‘जादुई संख्या’, ‘रहस्यमय संख्या’, खाली आश्चर्याने वासलेले चेहरे, आणि कधी कधी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव. दर वेळी मला ती खाली बसलेली मुलगी दिसते.

कापरेकर आपल्यातलेच होते. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्मले. आठ वर्षांचे असताना आई गेली, कारकुनी करणाऱ्या वडिलांनी वाढवलं. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. १९२७ मध्ये त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं, केंब्रिजला १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर झालेल्या, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या र. पु. परांजप्यांच्या नावाचं. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. त्यापुढे पदवी नाही, संशोधनाचं रीतसर शिक्षण नाही, मार्गदर्शक नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते. बत्तीस वर्षं. वह्या तपासणं, हजेरी, परीक्षा, जे आपण करतो ते सगळं त्यांनी केलं आणि उरलेल्या वेळात संख्यांकडे पाहिलं. लिहिलेलं पुष्कळसं त्यांनी पुस्तिका काढून स्वतःच छापलं. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, १९६६ मध्ये पत्नी वारल्या, आणि या माणसाला पुन्हा शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९८६ मध्ये ते देवळालीतच गेले.

ही हकिगत आपल्याकडे हळहळ व्यक्त करायला वापरली जाते. परदेशात नाव झालं, घरच्यांनी ओळखलं नाही, वगैरे. त्यात तथ्य आहे. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि जग त्यांना ओळखू लागलं, तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. त्याआधी इथल्या गणितज्ञांपैकी अनेकांनी त्यांच्या कामाला पोरखेळ म्हणून बाजूला सारलं होतं. पण मला वाटतं, हळहळणं सोपं आहे म्हणून आपण तेवढंच करतो. हळहळायला त्यांची एकही वजाबाकी करून पाहावी लागत नाही.

त्या मुलीचा प्रश्न मला पुढची दीड-दोन वर्षं छळत राहिला. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी वही घेऊन बसले. जे सापडलं ते इथे लिहिते, कारण ते सातवी-आठवीच्या मुलांना सहज कळतं, आणि ते माहीत नसताना हा खेळ वर्गात खेळवू नये असं आता माझं मत आहे.

चार अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि त्यांना अ, ब, क, ड म्हणा. सर्वांत मोठी संख्या म्हणजे १००० अ + १०० ब + १० क + ड. सर्वांत लहान म्हणजे १००० ड + १०० क + १० ब + अ. वजाबाकी केली की उरतं

९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क).

बस्स. यात तुमची मूळ संख्या कुठे राहिलीच नाही. राहिले ते दोन फरक: बाहेरच्या दोन अंकांमधला आणि आतल्या दोन अंकांमधला. बाहेरचा फरक १ ते ९ असू शकतो. आतला फरक बाहेरच्यापेक्षा मोठा असू शकत नाही, कारण ब आणि क हे अ आणि ड यांच्या मध्ये अडकलेले आहेत. बाहेरचा १ असेल तर आतला ० किंवा १, दोन शक्यता. बाहेरचा २ असेल तर तीन. असं करत ९ ला दहा. २ + ३ + ४ + … + १० म्हणजे ५४.

हे लिहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. ०००१ पासून ९९९८ पर्यंत, सारख्या अंकांच्या वगळून, ९९९० संख्या. वर्गात कुणीही कुठलीही धरली तरी पहिल्या वजाबाकीनंतर ती ५४ पैकीच एक होते. आपण ‘अफाट’ समजत होतो ते एका पायरीत एका वर्गाच्या पटाएवढं होतं.

आणि पट एवढा असल्यावर पुढचं काम पटावरच्या मुलांनाच देता येतं. पुढच्या वर्षीच्या सातवीत माझ्याकडे बावन्न मुलं होती. ५४ चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकावर एक संख्या. बावन्न त्यांनी घेतल्या, दोन मी. मधल्या सुट्टीआधीचा तास घेऊन सगळ्यांना मैदानावर नेलं. प्रत्येकाने आपल्या संख्येची वजाबाकी करायची आणि जे उत्तर येईल ती चिठ्ठी ज्याच्या हातात आहे त्याला शोधून त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. पहिली पाच मिनिटं नुसता बाजार. ‘३९९६ कोण?’ ‘८५३२ कुणाकडे?’ एकाच्या खांद्यावर तीन-तीन हात, आणि अनेकांच्या खांद्यावर एकही नाही. मग हळूहळू रांगा दिसू लागल्या. एका रांगेला दुसरी येऊन मिळे, नद्यांना नद्या मिळाव्यात तशा. आणि सगळ्या रांगा जिथे जाऊन थांबल्या तिथे एक मुलगा उभा होता. त्याचा हात स्वतःच्याच खांद्यावर होता, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च येतात. एकही रांग सुटली नव्हती. मुलांनी मागून पुढे मोजलं, सर्वांत लांब वाट सहा पावलांची निघाली. पहिल्या वजाबाकीचं एक मिळवा, सात. कुठल्याही संख्येला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत हे त्या दिवशी त्यांनी वाचलं नव्हतं, मैदानावर उभं राहून सिद्ध केलं होतं.

ते सिद्धच होतं, हे मुद्दाम सांगते. ५४ शक्यता, त्यातली प्रत्येक तपासली, एकही उरली नाही. सिद्धता म्हणजे भूमितीच्या वहीत उजवीकडे ‘कारण’ लिहायची जागा, एवढंच ज्या मुलांना ठाऊक होतं, त्यांनी एक पूर्ण सिद्धता पायांनी चालून पाहिली.

वर्गात परतल्यावर एका मुलाने कापरेकरांचंच जन्मसाल घेतलं. १९०५. ९५१० − ०१५९ = ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोबर सात पायऱ्या, सर्वांत लांबची वाट. मग कुणीतरी मृत्यूचं साल घेतलं. १९८६. ९८६१ − १६८९ = ८१७२. इथे वर्ग क्षणभर गप्प झाला. ८१७२ तर आत्ताच फळ्यावर आले होते. जन्माची आणि मृत्यूची वाट एकाच ठिकाणी येऊन मिळत होती आणि पुढे एकच होती. ‘बाई, योगायोग?’ मी म्हटलं, शोधा. एका मुलीने सांगितलं: ९३५१ मध्ये बाहेरचा फरक ९ − १ म्हणजे ८, आतला ५ − ३ म्हणजे २. १९८६ मध्ये बाहेरचा ९ − १ म्हणजे ८, आतला ८ − ६ म्हणजे २. फरक तेच, म्हणून उत्तर तेच. कारण कळल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा आनंद कमी झाला नव्हता. वाढला होता. ‘का’ सांगितलं की गंमत जाते, अशी जी भीती आपल्याला असते, ती त्या चेहऱ्यापुढे टिकत नाही.

त्यानंतर प्रश्न त्यांचेच होते. दोन अंकी संख्यांचं काय? तिथे एका जागी थांबणं नाही: ९ (म्हणजे ०९) वरून ८१, ८१ वरून ६३, मग २७, मग ४५, आणि पुन्हा ९, असं गोल फिरणं. पाच अंकांचं? तिथेही एक मुक्काम नाही. ५३९५५ वरून ५९९९४, आणि तिथून परत ५३९५५, असं दोघांतच येणं-जाणं एका मुलाला सापडलं. चार अंकांना जे मिळतं ते सगळ्यांना मिळत नाही, हे मुलांना स्वतः कळलं. हे कुठल्याही घटक चाचणीत विचारलं जात नाही. त्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी मैदानावरचा तास ‘पाठटाचणात नाही’ म्हणून शेरा मारला होता. तो शेरा मी जपून ठेवला आहे, रागाने नाही. त्या तासाचा तेवढाच कागदी पुरावा माझ्याकडे आहे.

कापरेकर म्हणजे केवळ ६१७४ नव्हे, हेही सांगायला हवं. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला त्यांनी हर्षद म्हटलं. हर्ष देणारी. किती सुंदर नाव आहे! त्यांचं जन्मसाल हर्षद आहे: १ + ९ + ० + ५ = १५, आणि १९०५ म्हणजे १५ गुणिले १२७. ६१७४ हीसुद्धा हर्षद आहे: अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन. याच संख्यांना पश्चिमेकडे निवेन संख्याही म्हणतात, आयव्हन निवेन यांनी १९७७ मध्ये त्यांच्याविषयी भाषण दिलं म्हणून. मुलांनी दोन्ही नावं शिकावीत. पण आपल्या वर्गात पहिलं नाव हर्षदच यावं, असं मला मनापासून वाटतं.

मग कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ५५ चा ३०२५, ३० + २५ = ५५. २९७ चा ८८२०९, ८८ + २०९ = २९७. मग ज्यांना त्यांनी देवळालीचं नाव दिलं त्या संख्या. कुठल्याही संख्येत तिचेच अंक मिळवा: १२ + १ + २ = १५, म्हणजे १५ चा जन्म १२ पासून. १०१ ला दोन जन्मदाते, ९१ आणि १००. पण २० कुणापासूनच जन्मत नाही. ३१ नाही, ४२ नाही. या स्वयंभू संख्या. त्यांच्यावरची पुस्तिका कापरेकरांनी १९६३ मध्ये देवळालीहून स्वतःच काढली, निवृत्तीनंतरच्याच वर्षी. आणि १, १२१, १२३२१ या डेमलो संख्या, १, ११, १११ यांचे वर्ग. डेमलो हे एका स्टेशनचं नाव, आजचं डोंबिवली. जी. आय. पी. रेल्वेच्या त्या स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली. रोज डोंबिवलीहून गाडी पकडणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक असेल? त्या फलाटाचं नाव गणितात आहे, हे डोंबिवलीतल्या शिक्षकांनी आपल्या वर्गाला सांगावं, एवढी विनंती त्यांना वेगळी करते.

यावर गणित जाणणाऱ्यांचा एक आक्षेप असतो आणि तो खरा आहे. हे सगळं आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून आहे. दुसऱ्या पायावर, म्हणजे आठाच्या किंवा बाराच्या पटीत मोजलं तर ६१७४ ला काही विशेष अर्थ उरत नाही. रामानुजन यांच्या कामाशेजारी हे काम ठेवता येणार नाही, आणि कापरेकरांना ‘दुसरे रामानुजन’ म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगेन की तसं म्हणू नका, त्यात दोघांचाही मान राहत नाही. पण देवळालीच्या खोलीतून निघालेले प्रश्न पुढे पोरखेळ राहिले नाहीत, हेही तितकंच खरं. लागोपाठच्या २१ संख्या सगळ्या हर्षद असूच शकत नाहीत, हे १९९३ मध्ये कूपर आणि केनेडी यांनी सिद्ध केलं. कापरेकर संख्यांचं ९९, ९९९, ९९९९ अशा संख्यांच्या विभाजकांशी असलेलं घट्ट नातं डग्लस इयानुची यांनी २००० मध्ये दाखवून दिलं. प्रश्न विचारणारा माणूस पदवीने किती मोठा, हे त्या प्रश्नांनी पाहिलं नाही.

आणि आपल्या कामासाठी तर त्यांचा हलकेपणाच मोलाचा आहे. रामानुजनांची सूत्रं सातवीतल्या मुलाच्या हातात देता येत नाहीत. २२ डिसेंबरला आपण शाळेत राष्ट्रीय गणित दिन करतो, फोटोला हार घालतो, १७२९ ची गोष्ट सांगतो, आणि मुलं ऐकतात. ऐकतातच फक्त. कापरेकरांचं गणित मुलाला ऐकायचं नसतं, करायचं असतं. त्याला वजाबाकी येत असली की पुरे. ज्याला दर परीक्षेत काठावर पास होण्याचीच सवय झाली आहे, तो मुलगासुद्धा इथे पहिल्या बाकावरच्या मुलाच्या बरोबरीने शोधू शकतो. स्वयंभू संख्या शोधायला पाठांतर लागत नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पाच अंकांचं ते येणं-जाणं ज्याला सापडलं, तो मुलगा त्याआधी माझ्या तासाला कधी तोंड उघडत नसे.

म्हणून शिक्षकांना माझं मागणं एवढंच आहे. १७ जानेवारीच्या आसपास एक तास द्या. भाषण नको, हार नको, प्रश्नमंजूषा नको, आणि गुण तर अजिबात नकोत. ५४ चिठ्ठ्या करा. पट कमी असेल तर एकेकाला दोन-तीन द्या, एक शिक्षकी शाळेत फरशीवर खडूने ५४ चौकोन आखा. पाचवीला नुसतं हर्षद शोधू द्या, सातवीला मैदानावर न्या, आठवीला अक्षरांनी ९९९ आणि ९० काढू द्या. उत्तर तुम्हाला येत नसेल तर ‘मला येत नाही, आपण शोधू’ म्हणा. मला हे म्हणायला फार उशीर लागला.

मुख्याध्यापकांना मागणं असं की तो तास पाठटाचणात बसतो का, हे त्या दिवशी विचारू नका.

नाशिक, देवळाली, पुणे, ठाणे इथल्या जुन्या शाळांना आणि निवृत्त शिक्षकांना आणखी एक. कापरेकरांनी छापलेल्या पुस्तिका, त्यांचं एखादं पत्र, त्यांच्या भाषणाची कुणी घेतलेली टिपणं तुमच्या कपाटात असू शकतात. रद्दीत घालण्याआधी एकदा बघा. सापडलं तर फोटो काढा, शाळेच्या वाचनालयात एक प्रत ठेवा, आणि मुलांना हाताळू द्या.

त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीला मी पुढे उत्तर दिलं का, असं मला कुणीतरी विचारलं होतं. नाही. मला उत्तर सापडलं तेव्हा ती शाळा सोडून गेली होती. तिच्या घरचे बांधकामावर कामाला होते, काम संपलं तसे ते दुसऱ्या गावी गेले. ती आता तिशीत असेल. हे पत्र तिच्यापर्यंत पोचलं तर: बाई चुकल्या होत्या. ती जादू नव्हती. ९९९ गुणिले बाहेरचा फरक, अधिक ९० गुणिले आतला फरक. करून बघ.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका

ता. क. तीन अंकी संख्यांनी सुरुवात केलीत तर आणखी सोपं जाईल. तिथे मधला अंक वजाबाकीत गळून पडतो, उरतं ९९ × (पहिला − शेवटचा), आणि शक्यता फक्त नऊ. नऊ मुलं पुरतात. मुक्काम ४९५ ला आहे, पण तो मुलांना आधी सांगू नका.